पंधरा दातांची फिर्याद

मी एक जुनी रंगपट्टी आहे, मित्रांनो. ‘मित्रांनो’ म्हणायची रीत आहे, म्हणून म्हटले. तुम्ही माझे मित्र नाही. तुमच्यापैकी निम्म्यांनी आज सकाळी ब्रश नुसता ओला करून ठेवला असणार आणि आईने विचारल्यावर मान डोलावली असणार. तुमच्याकडून मला कसलीही अपेक्षा नाही. पण इतकी वर्षे गप्प बसून माझे डोके फिरले आहे आणि ऐकायला दुसरे कोणी नाही, तेव्हा निमूट बसा आणि ऐका.

रंगपट्टी म्हणजे काय, हेही तुम्हाला सांगावे लागणार. दाताच्या डॉक्टरांकडे एक वीतभर लांब पट्टी असते. तिच्यात खाचा असतात आणि प्रत्येक खाचेत बारीक दांडीवर बसवलेला एक खोटा दात असतो. असे सोळा दात, आणि सोळांचा रंग वेगळा. कोणाचा दात तुटला आणि त्यावर कॅप बसवायची झाली, की डॉक्टर माझा एकेक दात काढून त्या माणसाच्या खऱ्या दाताशेजारी धरतात. जो जुळेल त्या रंगाची कॅप बनते. कॅप बसते दुसऱ्याच्या तोंडात, कौतुक होते डॉक्टरांचे, आणि मी बेसिनजवळ पालथी वाळत पडते.

माझा जन्म कारखान्यात झाला. पांढरी माती दळली, तिच्यात रंग कालवले, साच्यात दाबली आणि भट्टीत भाजली. शेवटी एका चष्मेवाल्या बाईने माझा एकेक दात उजेडात धरून पाहिला. तिला जरा संशय आला की दात बादलीत जाई. माझे सोळा त्या बाईच्या हातून सुटले, म्हणून मला थोडी घमेंड आहे आणि ती मी सोडणार नाही. माझ्यात चार घराणी आहेत. ए घराणे तांबूस, बी पिवळसर, सी राखाडी आणि डी या सगळ्यांच्या अधेमधे. घराण्यात आकडा जितका मोठा, तितका रंग गडद. सगळ्यांत गोरा बी-वन. तो सारखा आरशात बघितल्यासारखा उभा असतो. सगळ्यांत काळवंडलेला सी-फोर. त्याला पाहून लोक नाक मुरडतात, आणि तोही बिचारा कोणाकडे बघत नाही.

लोक कसे वागतात ते सांगू? खुर्चीत बसतात, मला पाहतात आणि बोट थेट बी-वनवर ठेवतात. ‘हा द्या.’ जणू दुकानात कापड निवडायला आले आहेत. शेजारचे दात चहाने, वयाने, आळसाने पिवळे झालेले, आणि मध्ये एक बी-वन बसवला तर हसताना तोंडात दिवा लागल्यासारखे दिसेल, हे कोणाला समजावायचे? थोरले डॉक्टर समजावत. मी त्यांच्याकडे बावीस वर्षे राबले. आता त्यांच्याविषयी चांगले बोलणार आहे. ती माझी सवय नाही, पण त्यांच्यापुरता नाइलाज आहे.

थोरले डॉक्टर दिव्याच्या उजेडात कधीही रंग जुळवत नसत. माणसाला खुर्चीतून उठवून खिडकीपाशी नेत. ओठांना रंग लावला असेल तर पुसायला सांगत. भडक कपडे असतील तर गळ्याभोवती करडा टॉवेल गुंडाळत. दात ओला असतानाच बघत, कारण सुकलेला दात असतो त्याहून पांढरा दिसतो. आणि एका वेळी पाच मोजेपर्यंतच बघत. मग मान वळवून भिंतीवरच्या निळ्या कागदाकडे पाहत आणि परत बघत. ‘डोळा फार वेळ बघत राहिला की त्याला सगळंच बरोबर वाटायला लागतं,’ असे ते म्हणत.

असेच एकदा त्यांनी एका एकोणीस वर्षांच्या मुलीला खिडकीत उभे केले. अकरा वर्षांची असताना ती शाळेत पाण्याच्या नळावर आपटली होती आणि समोरचा एक दात निम्मा गेला होता. पुढची आठ वर्षे ती तोंडावर हात ठेवून हसली. ‘हसली’ म्हणते, पण ते हसणे नव्हेच. विनोद झाला की आधी हात वर जाई आणि मग त्यामागे काय होई ते तिचे तिला ठाऊक. डॉक्टरांनी तिला तीनदा बोलावले. माझा ए-टू धरला, ए-थ्री धरला, निळा कागद पाहिला, पुन्हा ए-थ्री धरला. तिसऱ्या खेपेला कॅप बसली आणि त्यांनी तिच्या हातात आरसा दिला. तिने पाहिले, तिचा हात सवयीने वर निघाला आणि गालापाशी येऊन थांबला. मग ती खिडकीची काच दणाणेल अशी हसली. मी कितीतरी तोंडे जुळवली, पण तो ए-थ्री माझे सगळ्यांत चांगले काम. कोणता दात खरा आणि कोणता बसवलेला, हे मलाही क्षणभर शोधावे लागे.

पुढे थोरल्या डॉक्टरांचा हात थरथरायला लागला. ते वरच्या मजल्यावर राहायला गेले आणि दवाखाना त्यांच्या मुलीने घेतला. डॉक्टरीणबाई हुशार आहेत, चटपटीत आहेत आणि मला त्या आवडत नाहीत. त्यांनी आल्या आल्या रंग ओळखायचे यंत्र आणले. पेनासारखे दिसते. दाताला टेकवले की टुक् करते आणि आकडा सांगते. त्याला खिडकी लागत नाही, निळा कागद लागत नाही, आणि त्याला शरमही वाटत नाही. मला खणात टाकले. वर रबरी मोज्यांचा खोका, खाली जुन्या पावत्या. एकदा एका डबीचे झाकण उघडेना, तेव्हा माझ्या डी-थ्रीच्या दांडीने ते उचकटले. दांडी वाकली आणि डी-थ्री कचऱ्यात गेला. तेव्हापासून मी पंधरा दातांची आहे. त्या खणाचे एक बरे आहे. तो पूर्ण बंद होत नाही. चार बोटांची फट राहते आणि तिच्यातून मला खुर्ची दिसते.

अशाच एका सकाळी त्या फटीतून मला माझा ए-थ्री दिसला.

ती मुलगी आता अठ्ठावीस वर्षांची होती आणि अकरा दिवसांवर तिचे लग्न होते. सोबत तिची होणारी सासू होती. लग्न व्हायचे होते, पण सासूपण आधीच सुरू झाले होते, म्हणून मी त्यांना सासूबाईच म्हणणार. त्या भिंतीजवळच्या स्टुलावर ताठ बसल्या होत्या आणि नाकातोंडाशी रुमाल धरून ओठांतल्या ओठांत बोलत होत्या. दवाखान्याचा वास सोसत नसेल, असे मला वाटले.

‘परवाच्या फोटोत सगळं छान आलंय,’ त्या डॉक्टरीणबाईंना म्हणाल्या. ‘फक्त हिचे दात पिवळे दिसतात. लग्नाआधी पांढरे करून द्या.’

‘मला नाही दिसले पिवळे,’ नवरी म्हणाली.

‘स्वतःचे दात स्वतःला थोडेच दिसतात? ते समोरच्याला दिसतात.’

‘मग समोरच्यानं दुसरीकडे बघावं.’

नवरी आपखुशीने आली नव्हती. नवऱ्या मुलाने हात जोडले होते, की एवढ्या एका गोष्टीवरून लग्नाच्या तोंडावर वाद नको, एकदा जाऊन ये. त्याच्यासाठी ती आली होती आणि ते तिने तीनदा बोलून दाखवले. मला तिचा राग पटला. ए-थ्री हा काही पिवळा रंग नव्हे. धडधाकट माणसाच्या दाताचा तो रंग आहे.

डॉक्टरीणबाईंनी तिला भरायला एक कागद दिला. त्यात आजार, औषधे आणि शेवटी एक प्रश्न होता, ‘पूर्वी बसवलेली कॅप किंवा कृत्रिम दात आहे का?’ हा प्रश्न उगाच नसतो, मित्रांनो. दात पांढरे करायचे औषध खऱ्या दातांवर चालते. बसवलेल्या दातावर ते ओता, चोळा, दिवा लावा, त्याचा रंग तसूभर हलत नाही. हो लिहिले की डॉक्टर सावध होतात. नवरीचे पेन त्या प्रश्नापाशी थांबले. सासूबाई स्टूल पुढे ओढून, चष्मा नाकावर घेऊन, तिच्या खांद्यावरून तो कागद वाचत होत्या. जिने आपल्या दातांना नावे ठेवली, तिच्या डोळ्यांदेखत ‘यातला अर्धा दात खोटा आहे’ असे कोण लिहील? नवरीने ‘नाही’वर खूण केली. पेन इतके दाबले, की कागदाला खड्डा पडला.

मी ओरडले नाही. माझ्याकडे दात आहेत, तोंड नाही.

डॉक्टरीणबाईंनी बघायला हवे होते. जरा खिडकीत नेऊन, हिरडीच्या कडेला बारकाईने पाहिले असते तर कळले असते. पण बाहेर चार माणसे खोळंबली होती, आणि आमचे काम इतके बेमालूम होते, की त्यांना संशयही आला नाही. त्यांनी यंत्र एका दाताला टेकवले, टुक् झाले, ‘ए-थ्री’ म्हणून लिहून घेतले आणि औषध लावून दिवा सुरू केला. माझ्याच चांगल्या कामाने माझा घात केला. तासभर मी त्या फटीतून बघत होते आणि मनातल्या मनात यंत्राला शिव्या देत होते. त्यांतली एकही तुम्हाला सांगण्यासारखी नाही.

दिवा बंद झाला. डॉक्टरीणबाईंनी चूळ भरायला सांगितली, आरसा दिला आणि मग त्यांचाच चेहरा पडला. सगळे दात बी-वन झाले होते. लखलखीत. आणि बरोबर समोर, मधोमध, एकटा ए-थ्री. कालपर्यंत जो कोणाच्या नजरेत येत नव्हता, तो आता न धुतलेल्या कपासारखा दिसत होता.

नवरीने आरशात पाहिले आणि तिचा हात तोंडावर गेला. नऊ वर्षांनी गेला. मला ते बघवले नाही, आणि मी काही हळवी नाही.

‘हात काढ,’ सासूबाई स्टुलावरून उठत म्हणाल्या. ‘बघू दे.’

नवरीने हात काढला नाही. तेव्हा सासूबाईंनी तिचे मनगट धरून तो खाली केला आणि वाकून पाहिले.

‘हा एकच असा का?’

‘कारण तो बसवलेला आहे,’ नवरी म्हणाली. ‘इथेच. याच खुर्चीत.’

‘म्हणजे दात खोटा आहे!’

‘अर्धाच.’

‘आणि आम्हाला सांगितलं नाहीस? माझ्या मुलाला तरी माहीत आहे का?’

‘त्याला ओळख झाल्यावर आठवड्यात सांगितलं. तो म्हणाला, कुठला ते ओळखून दाखवतो. तीन वेळा चुकला.’ नवरीचा आवाज फाटला. ‘तुम्हाला कशी सांगणार? तुम्ही खऱ्या दातांनाही नावं ठेवत होतात.’

‘मी तुझ्या भल्यासाठी आणलं तुला!’

‘काकू, माझं भलं झालेलं समोर दिसतंय ना? बघा नीट. चष्मा लावूनच बघा.’

डॉक्टरीणबाई मध्ये पडल्या आणि म्हणाल्या, की कागदावर ‘नाही’ लिहिले होते, यात दवाखान्याची चूक नाही. ते बरोबर होते आणि त्या घटकेला कोणालाही नको होते. दोघी एकदम त्यांच्यावर उलटल्या. आवाज इतका चढला, की वरच्या मजल्यावरून सपाता फटफटवत थोरले डॉक्टर खाली आले. त्यांनी कोणाला काही विचारले नाही. नवरीची हनुवटी थरथरत्या बोटांनी वर केली, पाहिले आणि म्हणाले, ‘हा माझा.’ मग लेकीकडे वळले. ‘पट्टी कुठे आहे?’

‘यंत्र आहे ना, बाबा.’

‘यंत्राला विचारलंस त्याचं काय झालं ते खुर्चीत बसलंय. पट्टी कुठे आहे?’

खण ओढला गेला आणि मोज्यांच्या खोक्याखालून मी उजेडात आले. मित्रांनो, सहा वर्षांनी. ‘डी-थ्री कुठे गेला?’ त्यांनी विचारले. त्यांनी मला धुतले, पुसले आणि खिडकीत नेले.

डॉक्टरीणबाईंचे म्हणणे होते, की जुनी कॅप आजच फोडून काढू, नवीन पांढरी मागवू, आठ दिवसांत बसेल. सासूबाई म्हणाल्या, ‘फोडा. लगेच फोडा.’ माझ्या अंगावर काटा आला असता, पण काटा यायला कातडी लागते. माझा ए-थ्री, तीन खेपांचा, खिडकीतल्या उजेडाचा, यंत्राच्या एका टुक्-पायी फुटणार होता.

‘आज जो रंग दिसतोय तो टिकणारा नाही,’ थोरले डॉक्टर म्हणाले. ‘दात सुकलेत म्हणून जास्तच पांढरे दिसतात. दोन दिवसांत पट्टीवरचं एक घर उतरतील, मग हळूहळू आणखी. आज मापून पांढरी कॅप केलीत तर लग्नात शोभेल, आणि महिन्याभरानं ती एकटीच चमकेल. मग पुन्हा फोडा.’

‘महिन्याभरानंतरचं कोण बघतंय?’ सासूबाई म्हणाल्या. ‘लग्न अकरा दिवसांवर आहे.’

‘मी बघणार आहे,’ नवरी म्हणाली. ‘तोंड माझं आहे.’ मग डॉक्टरांना तिने विचारले, ‘काका, बाकीचे दात आपोआप उतरतात, तर मी मुद्दाम उतरवले तर?’

डॉक्टरीणबाईंनी नेहमीप्रमाणे दात पांढरे केल्यावर द्यायचा सूचनांचा कागद तिच्यापुढे ठेवला होता. नवरीने तो उचलला आणि मोठ्याने वाचला. ‘कोरा चहा, कॉफी आणि गडद रंगाचे पदार्थ कटाक्षाने टाळावेत.’ तिने कागदाची घडी करून पर्समध्ये टाकली. ‘म्हणजे हेच घ्यायचं. पाठ करते.’

‘मी असला सल्ला देत नाही,’ डॉक्टरीणबाई घाईघाईने म्हणाल्या.

‘तुम्ही नका देऊ. मी न देताच घेतलाय. हा दात फोडायचा नाही. बाकीच्यांनी त्याच्याकडे यायचं.’

सासूबाई दरवाजा आपटून गेल्या. त्या दरवाज्याचे वरचे बिजागर तेव्हापासून कुरकुरते आहे.

लग्नासाठी दात पांढरे करणाऱ्या नवऱ्या मी खूप पाहिल्या. दात पिवळे करायला धडपडणारी ही पहिली. ती दिवसाला आठ-दहा कप कोरा चहा पीत होती. पीत कसली, तोंडात धरून बसत होती. नुकत्याच औषध लावलेल्या दातांना गरम लागले की झिणझिण्या येतात. तिच्या डोळ्यांत पाणी येई आणि तरी ती गिळत नसे. एक दिवसाआड थर्मास घेऊन ती दवाखान्यात येई. थोरले डॉक्टर तिला खिडकीत उभे करत, मला हातात घेत, पाच मोजत, निळा कागद बघत. दोन दिवसांनी ए-वन. चार दिवसांनीही ए-वनच. ती निराश झाली आणि डॉक्टरांवरच खेकसली. मग कॉफीही सुरू केली. मला पुन्हा खणात कोणी टाकले नाही. खिडकीच्या फळीवर माझी जागा झाली, आणि यंत्राला मी तिथून रोज खुन्नस देत होते.

सहाव्या दिवशी सासूबाई आल्या. नवरी तेव्हा गाल फुगवून, तोंडात चहा धरून घड्याळाकडे बघत बसली होती. सासूबाईंनी रुमालाआडून तोफ डागली. सगळे नातेवाईक येणार आहेत, लोक काय म्हणतील, एवढा हट्टीपणा बरा नव्हे, घरात यायच्या आधीच ही तऱ्हा, तर आल्यावर काय! नवरी बोलू शकत नव्हती. तिने एक बोट वर केले, एक मिनिट थांबा म्हणून. सासूबाई थांबल्या नाहीत. मिनिट झाले, तिने चहा गिळला, तोंड पुसले आणि म्हणाली, ‘काय म्हणालात? परत सांगा. कान मोकळे होते, पण तोंड भरलं होतं, त्यामुळे उत्तर राहून गेलं.’ सासूबाईंच्या कपाळाची शीर उडाली. त्या तशाच माघारी गेल्या.

लग्नाच्या आदल्या दिवशी दुपारी शेवटची तपासणी होती. डॉक्टरीणबाई यंत्र हातात घेऊन उभ्या होत्या, पण पुढे करायचा त्यांना धीर झाला नाही. थोरल्या डॉक्टरांनी माझा ए-टू नवरीच्या दाताला लावला. जुळला. मग ए-थ्री त्या एका दाताला लावला. तोही जुळला, नऊ वर्षांपूर्वी जुळला होता तसाच.

‘एक घर राहिलं,’ ते म्हणाले.

नवरी मटकन खुर्चीत बसली. दहा दिवस दात शिणवून एक घर राहिले होते. जवळून बघणाऱ्याला तो दात वेगळा दिसलाच असता. फोटो तर जवळूनच काढतात. तिने डोळे पुसले आणि थर्मासचे झाकण उघडले. तेवढ्यात दरवाजा कुरकुरला. सासूबाई. नवऱ्या मुलाने शेवटच्या तपासणीचे सांगितले असणार.

‘तुमच्या पट्टीला काय विचारता?’ त्या थोरल्या डॉक्टरांना म्हणाल्या. ‘पाहुणे पट्ट्या घेऊन येत नाहीत. मी इथे दारात उभी राहते, पाहुण्यांसारखी. मला बघू दे दिसतोय का.’ चष्म्यावर धूळ होती म्हणून त्यांनी तो काढला आणि हातातल्या रुमालाने खसाखसा पुसू लागल्या. ‘हस गं.’

‘मी अशी हुकमावर हसत नाही.’

‘मग कशी हसतेस?’

‘हसण्यासारखं काही झालं तर. गेल्या दहा दिवसांत झालं नाही.’ नवरीने कपात चहा ओतला. ‘एकच घर उरलंय. संध्याकाळपर्यंत आणखी दोन थर्मास पिते.’

‘पी, पी!’ सासूबाई भडकल्या. ‘दोन कशाला, चार पी! म्हणजे उद्या सगळे पाहुणे नवरीला शोधत फिरतील आणि नवरी आपली बाथरूममध्ये! हार तिथेच नेऊन घालू का तुला? दाराच्या फटीतून?’

हे त्या रागानेच बोलल्या. पण बोलता बोलता ते चित्र त्यांच्या डोळ्यांपुढे उभे राहिले असावे. त्यांचे ओठ थरथरले आणि त्या हसल्या. एका हातात चष्मा, दुसऱ्यात रुमाल, आणि तोंड उघडे.

मी रंगपट्टी आहे. दात दिसला की मी जुळवते, मला विचारावे लागत नाही. सी-फोर. वरचे, खालचे, सगळे. माझ्या अगदी टोकाला उभा असतो तो, ज्याला पाहून सगळे नाक मुरडतात. त्यांच्या समोरच्या दातांवर करड्या रंगाचे आडवे पट्टे होते. लहानपणी घेतलेल्या औषधांनी असे होते कधी कधी, आणि ते कुठल्याही दिव्याने जात नाही. तेव्हा मला त्या रुमालाचे कोडे उलगडले. दवाखान्याच्या वासाचा आणि त्याचा काही संबंध नव्हता. ही बाई जन्मभर ओठ मिटून जगली होती आणि सुनेला आपल्यासारखे ओठ मिटावे लागू नयेत म्हणून तिला हाताला धरून इथे घेऊन आली होती. सांगायची पद्धत मात्र अशी, की ऐकणाऱ्याने थर्मास फेकून मारावा.

त्यांच्या लक्षात आले. हसणे तिथेच तुटले आणि चष्म्यासकट हात तोंडावर गेला.

तो हात मी ओळखला. नवरीनेही ओळखला. ती खुर्चीतून उठली, दारापर्यंत गेली आणि सासूबाईंच्या समोर उभी राहिली. तिच्या चेहऱ्यावर माया वगैरे काही नव्हती. दहा दिवसांचा राग होता तसाच होता.

‘हात काढा, काकू,’ ती म्हणाली. ‘बघू दे.’

त्याच क्षणी थोरल्या डॉक्टरांनी मला खिडकीच्या फळीवर पालथे घातले. बावीस वर्षांत त्यांनी मला ओले नसताना पालथे ठेवले नव्हते. त्यांनाही रंग कळला होता. म्हणून पुढचे मी पाहिलेले नाही, नुसते ऐकले. मग सासूबाईंचा आवाज आला. या खेपेला ओठांतल्या ओठांत नव्हता.

‘पाहिलंस? झालं समाधान?’

‘नाही,’ नवरी म्हणाली. ‘उद्या फोटोत पुन्हा बघणार आहे.’

‘मी फोटोत हसत नाही.’

‘मग मीही हसत नाही. सांगा पाहुण्यांना, दोघींचं भांडण आहे म्हणून.’

‘सांगायला कशाला हवं, दिसतंच आहे,’ सासूबाई म्हणाल्या आणि दरवाजा आपटून गेल्या.

लग्नानंतर पंधरा दिवसांनी नवरी एक फोटो घेऊन आली. थोरल्या डॉक्टरांनी तो माझ्याशेजारी खिडकीत टेकवून ठेवला आहे, म्हणजे दिवसभर मला दुसरे काही बघायला नाही. नवरी मध्ये आहे, तोंड भरून हसते आहे, आणि समोरचा एक दात बाकीच्यांहून एक घर पिवळा आहे. ज्याला बघायचे त्याला स्पष्ट दिसतो. शेजारी सासूबाई आहेत. फोटो काढणाऱ्याकडे अशा रागाने बघत आहेत, की त्याचा कॅमेरा कसा फुटला नाही याचे नवल. पण ओठ उघडे आहेत. ए-टू, ए-थ्री, सी-फोर. मी रोज सकाळी उजेड आला की मोजते. दोघींचे चारही हात खाली आहेत.

आता उठा, मित्रांनो. शेवटी दोन शब्द बोधाचे बोलायचे असतात, ते ऐका आणि चालते व्हा. दात घासा, आणि खरोखर घासा. डॉक्टरांनी कागद दिला तर त्यावर खरे लिहा, खांद्यावरून कोणीही वाचत असले तरी. नवे यंत्र आले म्हणून जुन्याच्या दांडीने डब्या उघडू नका. माझा डी-थ्री परत येणार नाही. आणि कोणाच्या दातांना नावे ठेवायची हौस आलीच, तर आधी माझ्यासारखे या फळीवर येऊन बसा. दुपारी बारा वाजता, भर उजेडात, तोंड उघडे टाकून. हात खाली ठेवून.